वरवंट्याला दिलेली माती

कवडूजी कुमरे पहिल्या हाकेला ओ देत नसत. दुसऱ्याही नाही. तिसऱ्यांदा नाव घेतलं की सावकाश मान वळवायचे, हाक मारणारा माणूस समोर दिसतो का ते बघायचे आणि मग म्हणायचे, "बोला." मला आधी वाटलं, म्हातारा बहिरा आहे. मग वाटलं, माजोरी आहे. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये मी एकतीस वर्षं काढलेली. तिथं माझ्या एका हाकेवर माणसं हातातला चहा टाकून धावत यायची. कुणासाठी तीनतीनदा घसा फोडायची मला सवय नव्हती.

मी भैयाजी थूल, राहणार पवनार. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे चोळत बसतात, मी दुसऱ्यांच्या वंशावळी काढत बसलो. जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी करायची तर पणज्यापर्यंतचे कागद लागतात, आणि कोणाच्याच पणज्यानं ते जपून ठेवलेले नसतात. कोणत्या गावचं कोतवालबुक, म्हणजे जन्ममृत्यूची वही, कोणत्या गठ्ठ्यात आहे, कोणत्या कोतवालाचं अक्षर कसं होतं, हे मला अजून पाठ आहे. कागदापुढं मी कुणाला मानत नाही, देवाला तर नाहीच. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि धाम नदीच्या डोहात सोडले. माझा जन्म त्यानंतरचा. पण ती टोपली किती जड होती हे वडिलांनी इतक्यांदा सांगितलं, की ती मीच उचलली होती असं मला कधीकधी वाटतं.

कवडूजींची नात सोनम गेल्या वर्षी माझ्याकडं फाइल घेऊन आली. पोरगी हुशार. आष्टीच्या पुढं डोंगराच्या कुशीतलं चिचझरी हे तिचं गाव. तिथून सावंगीच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षापर्यंत ती स्वतःच्या डोक्यानं पोचली होती. प्रवेश मात्र तात्पुरता होता. तीन महिन्यांत व्हॅलिडिटी नाही दिली तर जागा गेली. आणि समितीनं तिच्या अर्जावर एक त्रुटी काढली होती. तिच्या आजोबांचे वडील सोमा कुमरे यांचा मृत्यू सन १९४५ मध्ये झाल्याचं दिसतं, तर आजोबा कवडू यांचा जन्म १९४८ मधला आहे, खुलासा करावा.

मी कागद दोनदा वाचला. बाप मेल्यावर तीन वर्षांनी मुलगा. सोनम खाली मान घालून बसली होती. तिला तिच्या पणजीबद्दल काही वाईट ऐकावं लागेल अशी भीती वाटत असावी. मी म्हटलं, कोतवालानं साल चुकवलं असेल, असं होतंच.

पण साल चुकलेलं नव्हतं. मी स्वतः जाऊन चिचझरीचं जुनं कोतवालबुक काढलं. त्या काळच्या कोतवालाला आडनावाचं काही पडलेलं नसे. बापाचं नाव आणि जात लिहिली की काम झालं. सोमा गोंड, पटकीनं मयत, १९४५. पुढं मार्च १९४८ मध्ये: मुलगा, मनकर्णा बेवा सोमा गोंड हिचे पोटी. बेवा म्हणजे विधवा. विधवेचं मूल आणि कोतवालानं ते काही खूण न करता, काही न विचारता लिहिलेलं. असल्या नोंदीवर त्या काळी गावात रण माजलं असतं, आणि इथं तर शाईचा डागसुद्धा नाही.

मी पान उलटलं आणि मृत्यूचा भाग बघितला. हे मी सवयीनं करतो. जन्म आणि मृत्यू एकाच कोतवालानं, एकाच बैठकीत लिहिलेले असतात. त्याच तारखेला, त्याच शाईत: मुलगा, वल्द बिसन गोंड, वय तीन दिवस, मयत. त्याच्या आधीच्या सहा वर्षांत त्याच बिसनची आणखी चार लेकरं गेलेली. एक तापानं, एक तापानं, एक कारण नाही, एक तापानं.

एका दिवशी एका घरात लेकरू मेलं आणि दुसऱ्या घरात विधवेला झालं. रेकॉर्डरूममध्ये दिवसा लाइट लावूनच बसावं लागतं. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की माझ्या पाठीमागं उभं राहून कोणीतरी तीच ओळ वाचतंय. मी वळून बघितलं नाही. वय झालं की मानेला असं होतं.

गावात विचारलं तेव्हा कळलं, बिसन म्हणजे उईके. त्याचा नातू कार्तिक उईके अजून चिचझरीत शेती करतो, आणि त्याच्याकडं उईके घराण्याची व्हॅलिडिटी पाच वर्षांपूर्वीच झालेली. कार्तिक म्हणाला, आमचा बाप आज्याच्या लेकरांतला एकटाच जगलेला, आधीची पाचही गेली. मी त्याला कवडूजींबद्दल विचारलं तर त्यानं एकदम बायकोकडं बघितलं. बायकोनं पदर सारखा केला आणि आत निघून गेली. जाताना तिचा पाय ओट्यावरच्या पाट्याला लागला. मसाला वाटायचा जुना दगडी पाटा, मधे घासून घासून खोल गेलेला. त्याच्यावर वरवंटा नव्हता. एखाद्या घरात पाटा आहे आणि वरवंटा नाही, हे मला विचित्र वाटलं. पण मी वंशावळ काढायला गेलो होतो, भांडी मोजायला नाही.

गोंडांच्या घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ ठेवण्याचं काम परधानांचं. किंगरीवर गाऊन सांगतात. आता असे परधान बोटावर मोजण्याइतके उरलेत. एक म्हातारा कारंज्याकडं राहतो असं कळलं, त्याला गाठलं. त्यानं कुमऱ्यांच्या पिढ्या सांगितल्या. कोण कोणाचा, कोण कुठून आला, आणि सोमापाशी येऊन किंगरी थांबवली. इथं दिवा मालवला, म्हणाला. कवडूचं नावच नाही. मग मी उईक्यांच्या पिढ्या विचारल्या. बिसनपर्यंत आला आणि डोळे मिटून एका सुरात म्हणाला, "बिसनची सुंदरा. सुंदराच्या ओटीत सहा. चार मातीत, एक बाजारात, एक घरात."

बाजारात म्हणजे काय, मी विचारलं. कोतवालबुकात तर पाच मातीत आहेत. त्यानं किंगरी पिशवीत घातली. म्हणाला, गाण्यात आहे तेवढंच सांगायचं असतं.

बुधवारी मी पुन्हा चिचझरीला गेलो. गावच्या मसणवटीला चार वर्षांपूर्वी कुंपण घातलं, तेव्हा ग्रामपंचायतीनं कोणता दगड कोणाचा याची यादी केली होती. तिची झेरॉक्स माझ्या हातात होती. मी कवडूजींना सोबत घेतलं. तिसऱ्या हाकेला त्यांनी बोला म्हटलं आणि निघाले. शहात्तर वर्षांचा माणूस, पण पाठ ताठ. कुंपणापाशी मात्र थांबले. आत येत नाही, म्हणाले. गावातलं कोणी गेलं तरी ते बाहेरूनच माती लोटतात, हे मला नंतर समजलं. स्वतःच्या बायकोच्या वेळीसुद्धा ते याच तारेपाशी उभे होते.

भर दुपारची वेळ. मोहाखाली पाच लहान दगड एका ओळीत होते. यादीत लिहिलेलं होतं: उईके, लेकरं, पाच. पहिल्या चार दगडांभोवती गवत होतं. पाचव्याभोवती नव्हतं, कोणीतरी रोज झाडल्यासारखी उघडी मुरमाड जमीन. मी खाली बसून हात लावला तर दगड थंड लागला. ऊन तर पाचही दगडांवर सारखंच पडत होतं. मी दगडावरची नजर न काढता ओरडलो, "कवडूजी, हा पाचवा कोणाचा?"

 मी वळलो तर कुंपणापाशी कोणी नव्हतं. लांब पांदणीनं त्यांची पाठ चालली होती.

मला राग आला. मी सोनमला फोन करून सांगितलं की तुझ्या आज्याला काही लपवायचं असेल तर माझा वेळ खाऊ नका. ती रडली नाही, तेवढं बरं. म्हणाली, काका, आजा जेवत नाहीये.

दोन दिवसांनी दुपारी कवडूजी माझ्या दारात उभे. आष्टीहून आर्वी, आर्वीहून वर्धा, वर्ध्याहून पवनार, तीन गाड्या बदलून. माझी बायको सुलोचना, तिनं पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आमच्या भागात लेकरं जगत नसली की नवं लेकरू शेजारणीला एका कवडीला विकायची रीत होती. म्हणून नाव कवडू. धोंडू, उकंडा ही नावं त्याच घाटाची. मरणाला वाटावं की असल्या कवडीमोलाच्या मालाला कशाला हात लावा. सकाळी विकायचं, संध्याकाळी परत आणायचं, सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ. पण सुंदराची चार गेली होती. पाचवा झाला तेव्हा तिचा खेळावर भरवसा राहिला नाही. तिनं तिसऱ्या दिवशी लेकरू खरोखरच मनकर्णाबाई कुमरेला विकलं, परत न आणण्याच्या बोलीनं. आणि मरण दारात येऊन रिकामं परत जाणार नाही म्हणून घरातला वरवंटा घेतला. बारशाला बाया वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, तशी त्याला कुंची घातली, काजळ लावलं, आणि रडत रडत चार दगडांशेजारी त्याला माती दिली. सगळं गाव माती द्यायला गेलं. सगळ्यांना ठाऊक होतं आत काय आहे, आणि कोणी बोललं नाही. कोतवालही गावचाच. त्यानं एका बाजूला मेला लिहिला, दुसऱ्या बाजूला झाला लिहिला.

"त्यानं खोटं काऊन लिहिलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला त्या एका गोष्टीचाच धक्का बसला होता. "गावात खोटं ठीक आहे, पण सरकारी वहीत?"

"मरन बी वही वाचते, भैयाजी," कवडूजी म्हणाले.

 मला कोतवालबुकातली ती ओळ आठवली आणि मागं उभं असलेलं कोणीतरी.

कवडूजींना हे लग्नाच्या वेळी कळलं. त्यांची सोयरीक एका घरी जमली होती. कुमऱ्यांचे देव वेगळे, उईक्यांचे वेगळे. गोंडांमध्ये ज्यांचे देव सारखे ते भाऊ-बहीण, त्यांचं लग्न होत नाही. पोरगी कुमऱ्याला चालणारी होती, उईक्याला चालणारी नव्हती. सुंदरा शेजारची म्हातारी म्हणून आली आणि कारण न सांगता उंबऱ्यात आडवी पडली. सोयरीक मोडली. रात्रभर विचारलं तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, आणि तीच कवडी त्यांच्या हातात दिली. म्हणाली, तोंडानं आमचं नाव घेतलं की सौदा मोडला. मरण दोनदाच हाक मारतं, म्हणून तिसरीशिवाय ओ द्यायची नाही, हे तिनंच त्यांना लहानपणी शिकवलेलं. त्यानंतर ती जगली तोवर ते आपल्या आईला काकू म्हणत राहिले. ती गेली तेव्हाही मसणवटीबाहेर उभे राहिले. सख्खा भाऊ शेजारी राहायचा, त्याच्याशी बांधावरून भांडलेसुद्धा.

हे ऐकताना मला वाईट वाटलं, खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. पण माझं डोकं कागदाचं आहे. मी म्हटलं, मग प्रश्नच सुटला की. तुम्ही उईके. कार्तिक तुमचा सख्खा पुतण्या, त्याची व्हॅलिडिटी आहे. समितीच्या दक्षता पथकाचे साहेब गावात चौकशीला येतील, त्यांच्यासमोर जबाब द्या, गावचे दोन म्हातारे साक्षीला घ्या. पोरीची जागा वाचते.

"पोरीची जागा वाचते," ते म्हणाले. "पोरगी वाचते का?"

मग समजलं ते तीन गाड्या बदलून कशाला आले होते. त्यांना स्वतःची भीती नव्हती. शहात्तर वर्षं फुकटची जगलो, म्हणाले. पण वहीत आडनाव बदललं की सोनम उईके होणार. ज्या आडनावाची लेकरं मरणानं एकामागून एक नेली त्या आडनावाची. आणि तेही त्याला फसवलं हे कळल्यावर.

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि कवडी माझ्यासमोर ठेवली. पिवळी पडलेली, पाठीवर झिजलेली. म्हणाले, "मी बोलाच्या आंदी तुमी माह्या नातीले इकत घ्या."

मी उठून उभा राहिलो. माझ्या घरात हे चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. माझ्या वडिलांनी टोपलीभर देव नदीत सोडले ते मी एक कवडी घरात आणण्यासाठी नाही. आणि मुलगी विकत घ्यायची म्हणजे काय? मी शिकलेला माणूस आहे. बरंच काही बोललो. कवडूजी खाली बघत ऐकत राहिले. अशी बोलणी त्यांनी आयुष्यभर ऐकलेली.

सुलोचना दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमाले पटत नाई नं? मंग तुमच्यासाठी थे खोटंच हाय. खोटं बोलाले एवढे काऊन भिऊन राह्यले?"

या बाईनं चाळीस वर्षांत मला एकदाही जिंकू दिलेलं नाही. मी कवडी उचलली. कवडूजींनी सांगितलं तसं म्हटलं: सोनम मी घेतली, ती थूलांची. आणि तीच कवडी मोल म्हणून त्यांच्या तळहातावर ठेवली. एका कवडीत दुसऱ्यांदा सौदा झाला. त्यांनी मूठ मिटली आणि त्या दिवशी आमच्याकडं पोटभर जेवले. सोनमला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, बरं.

दक्षता पथकाचे साहेब पुढच्या आठवड्यात आले. तरुण, सभ्य माणूस. ओट्यावर बसून साक्षी लिहून घेतल्या. कवडूजी म्हणाले, जबाब मसणवटीत देतो. आयुष्यात पहिल्यांदा ते तारेच्या आत गेले. हातात कुदळ. साहेब म्हणाले, याची काही गरज नाही. पण त्यांनी पाचवा दगड बाजूला केला आणि खणायला लागले. हातभर गेल्यावर कुदळ टणकन वाजली. वरवंटा निघाला. एका टोकाला काळपट डाग होता, तो काजळाचा म्हणायचा की मातीचा, ज्याचं त्यानं ठरवावं. कार्तिक घरून पाटा घेऊन आला होता. वरवंटा पाट्यावर ठेवला तर त्या खोलगट जागेत असा बसला की मधे बोट जाईना. साहेबांनी मोबाइलमध्ये फोटो काढला आणि विचारलं, तर मग तुमचं पूर्ण नाव सांगा.

बारा वाजून गेले होते. मोहाचं पान हलत नव्हतं.

"कवडू बिसन उईके," ते म्हणाले. स्पष्ट, एका दमात.

आणि लगेच, कुंपणापलीकडच्या नाल्याच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "ओ."

आम्ही सात-आठ जण होतो. कोणी हाक मारलेली नव्हती. साहेब कागदावर लिहीत होते, त्यांनी मान वर केली. कार्तिक माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. ज्यानं जन्मात पहिल्या हाकेला ओ दिली नव्हती तो माणूस न मारलेल्या हाकेला ओ देऊन शांत उभा होता. मी सांगतो, मला काहीही ऐकू आलं नाही. फक्त माझ्या हातांवरचे केस उभे होते.

खड्डा बुजवायच्या वेळी कवडूजींनी सांगितलं, वरवंटा परत टाकू नका, तो कार्तिकच्या घरी न्या. सुनेला वाटायला लागतो. रिकाम्या खड्ड्यात माती लोटली आणि दगड ठेवून आम्ही आलो.

व्हॅलिडिटी मुदतीच्या नऊ दिवस आधी आली. सोनम दुर्गेश उईके. तिचा बाप दुर्गेश बुटीबोरीला कंपनीत आहे, तो पेढे घेऊन आला. मी त्याला विचारलं, बाबा कसे आहेत. तो म्हणाला, ठीक आहेत, पण रोज दुपारी मसणवटीत जातात. ती माती खाली बसते. रोज वीतभर खाली बसते आणि ते रोज घमेलंभर माती नेऊन टाकतात.

मी म्हटलं, भुसभुशीत माती आहे, दबणारच. म्हटलं खरं. पण ती जमीन मुरमाची आहे, आणि हातभर खड्डा महिनाभर रोज घमेलंभर माती खात नाही. मी एकदा जाऊन बघितलं. कवडूजी खड्ड्याच्या काठावर बसले होते. लांबून मी एकदाच हाक मारली आणि त्यांनी लगेच वळून ओ दिली. पहिल्या हाकेला. मला इतकं भरून आलं की काय बोलायला आलो होतो ते विसरलो. शेजारी बसलो. ते म्हणाले, "आता कायले लपाचं, भैयाजी. पत्ता त्याले मिळाला."

म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटत?

"मायचं तोंड आठवून राह्यलो," ते म्हणाले. "तिले कदी माय म्हनलोच नाई मी. आता जाऊन म्हनतो."

पौषात ते गेले. आजार नाही, काही नाही. दुपारी जेवून ओट्यावर टेकले ते टेकलेच. त्यांनी सांगून ठेवलं होतं तसं पाचव्या दगडाखालीच माती दिली. कार्तिकनं सगळं केलं आणि पुढं गोंडांच्या रीतीनं त्यांना उईक्यांच्या देवात मिळवलं. दुर्गेशनं मला बाजूला घेऊन सांगितलं, कवडी त्यांच्या मुठीत होती. बाबांची ताकीद होती की मूठ उघडायची नाही. तसेच ठेवले.

ते ऐकून मी तिथंच खाली बसलो. कवडी मातीत गेली म्हणजे सौदा आता कोणालाच मोडता येणार नव्हता. ना दुर्गेशला, ना मला. म्हाताऱ्यानं मला विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर तिथली माती बसलेली नाही. गवतही आलंय. मी कार्तिकला विचारत असतो.

मागच्या महिन्यात दुपारी सोनमचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, परीक्षा, मेसचं जेवण, काकू कशा आहेत. मग म्हणाली, काका, एक सांगू का. ती कॉलेजच्या लांब व्हरांड्यातून चालली होती. सगळे जेवायला गेलेले, कोणी नव्हतं. मागून कोणीतरी आडनावानं हाक मारली. उईके. तिनं वळून बघितलं, कोणी नाही. पुन्हा चालायला लागली तर पुन्हा, उईके. दोनदाच.

 मी विचारलं, "तू ओ देल्ली का?"

"नाई," ती म्हणाली. "थे मले थोडीच बोलावून राह्यले होते. मी तं थूलांची हाओ ना, काका?"

सुलोचना समोर भाजी निवडत होती, तिनं हात थांबवला. मी शिकलेला माणूस आहे. माझ्या वडिलांनी देव नदीत सोडले. मी म्हटलं, "हाओ बेटा. आमचीच हायेस तू."